खुब्याचा दुसरा सेट

सामानाची लिफ्ट वर निघाली आणि तिच्या मनात आलं, पट्टी टाकायची राहिली. बटण दाबून झालं होतं. भिंतीतल्या त्या लोखंडी कपाटाचं दार लागलं होतं, दोर करकरत होते, आणि खुब्याच्या ऑपरेशनचा सेट, दुहेरी निळ्या कापडात गुंडाळलेला, चिकटपट्टीवर तिची सही असलेला, तळघरातून तिसऱ्या मजल्यावरच्या थिएटरकडे चालला होता. सकाळचे साडेदहा झाले होते. तिचं बोट अजून बटणावरच होतं. आणि मग तिच्या मनातली ती आतली बाई नेहमीच्या आवाजात, अगदी हळू, अगदी काळजीनं म्हणाली, "बघ हं."

हॉस्पिटलच्या तळघरात ऑपरेशनची हत्यारं निर्जंतुक करायचा विभाग होता आणि तिथं ती सोळा वर्षं काम करत होती. काम ऐकायला सोपं. वरून रक्ताळलेली हत्यारं खाली येतात, पलीकडच्या खोलीत धुतली जातात, मग तिच्या टेबलावर येतात. कात्र्या, चिमटे, हाड तासायच्या कानशी, हातोडी. सुताराच्या पेटीत शोभावं असं सगळं. ती भिंगाखाली एकेक बघते, यादीप्रमाणे ट्रेमध्ये लावते, मधोमध बोटभर लांबीची एक कागदी पट्टी ठेवते, दोन कापडांत बांधते, चिकटपट्टी लावते, सही करते. मग ट्रे वाफेच्या मोठ्या यंत्रात जातो. बाहेर आला की चिकटपट्टीवर काळ्या रेघा उमटलेल्या असतात. पण त्या रेघा एवढंच सांगतात की ट्रे यंत्रात जाऊन आला. वाफ आत हत्यारांपर्यंत पोचली की नाही, ते आतल्या पट्टीला ठाऊक. ती पिवळसर असते, वाफ पोचली की काळी पडते. आणि ही आतली पट्टी खाली कोणालाच दिसत नाही. ती दिसते वर, थिएटरमधली सिस्टर सेट उघडते तेव्हा. काळी असेल तर सेट घ्यायचा. पिवळी असेल, किंवा नसेलच, तर एकाही हत्याराला हात न लावता अख्खा सेट बाजूला. खाली उघडून बघावं म्हटलं तर उघडल्याबरोबर सेट बाद. पुन्हा कापड, पुन्हा वाफ, पुन्हा दीड तास. बघायचं तर बिघडवायचं, असा सगळा मामला. माणसाला छळायलाच कोणीतरी हे काम शोधून काढलं असावं, आणि ते नेमकं हिच्या वाट्याला आलं.

तिचं हे असं का झालं याला कारण नव्हतं. लोकांना कारण हवं असतं. नवऱ्याला हवं होतं, डॉक्टरांना हवं होतं, थोरल्या नणंदेनं तर दोन-तीन कारणं स्वतःच शोधून आणून दिली होती. खरं म्हणजे हा स्वभाव लहानपणापासून आत दबा धरून होता आणि गेल्या वर्षी कधीतरी त्यानं हातपाय पसरले, इतकंच. सुरुवात घराच्या कुलपापासून झाली. कुलूप लावायचं, ओढून बघायचं, चार पायऱ्या उतरायच्या, पुन्हा चढायच्या. नवरा शाळेची बस चालवतो. पोरांच्या गोंगाटात जन्म गेल्यामुळं त्याला कशाचंच काही वाटत नाही. तो खाली उभा राहून म्हणायचा, "अगं, सोड त्याला आता. ओढून ओढून चोराचं काम सोपं करशील." ती हसायची आणि पुन्हा वर जायची. मग गॅस झाला, इस्त्री झाली, आणि एक दिवस ते तिच्या मागोमाग कामावर आलं. वाफेतून निघालेला, थंड व्हायला ठेवलेला सेट समोर असायचा आणि आतली बाई म्हणायची, "बघ हं. टाकलीस ना पट्टी? जीव जाईल कोणाचा तरी." एवढं पुरे व्हायचं. सहा महिन्यांत तिनं अकरा सेट उघडले. अकराही वेळा पट्टी होती, जागेवर होती, काळी कुळकुळीत होती. शिवाय वर थिएटरला फोन, सिस्टर, जरा बघता का, पट्टी आहे ना, असे एकोणीस. आकडे तिला पाठ होते, कारण मेट्रननी ते तिला वाचून दाखवले होते. विभागात तिचं नाव तपासनीस पडलं, आणि त्यात वाईट वाटण्यासारखं काही नव्हतं. वाईट झालं ते त्या मंगळवारी. हर्नियाचे दोन सेट तयार होते. पहिला तिनं शंका आली म्हणून उघडला. त्यात सगळं ठीक निघालं, म्हणजे चूक असलीच तर ती दुसऱ्यात असणार, म्हणून दुसरा उघडला. ऑपरेशन दुसऱ्या दिवसावर गेलं. आदल्या संध्याकाळपासून उपाशी ठेवलेला एक म्हातारा चाकांच्या खाटेवरून वॉर्डात परत गेला. कॉरिडॉरमध्ये ती भिंतीला चिकटून उभी होती. तो खाट ढकलणाऱ्याला विचारत होता, "माझं काही चुकलं का हो?"

मेट्रननी आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. त्या चष्मा काढून डोळे चोळत म्हणाल्या, "आता एक जरी सेट उघडलास किंवा एक जरी फोन वर केलास, तर मी तुला लाँड्रीत पाठवणार. तिथं चादरी आहेत. चादरींनी कोणी मरत नाही. आणि हे शिक्षा म्हणून नाही हं. तुझी दया येते म्हणून." तो दया शब्द तिला झोंबला. सोळा वर्षं. पाच वर्षांच्या पोराच्या डोळ्याच्या ऑपरेशनची कात्री बोटाच्या पेरावर ओढून तिची धार ओळखणारी बाई ती. सर्जन लोक नावानं विचारायचे, हा सेट कोणी लावला म्हणून. दुसरं काही तिला इतकं चांगलं कधी आलंच नाही. स्वयंपाक बेताचा, गळा बेसूर, शिवण उसवायची. हे एक काम तिचं होतं, आणि तेही आता दयेनं काढून घेणार. म्हणजे आज, या लोखंडी दारापुढं, तिच्यापाशी फोनही नव्हता आणि उघडणंही नव्हतं. थिएटरात सेट उघडायला अजून पाऊण तास होता.

ती टेबलाशी परत आली आणि सकाळ आठवायला लागली. साडेसहाला आली, हात धुतले, टोपी घातली, पाकिटातून दोन पट्ट्या काढल्या. खुब्याचे दोन सेट होते, एक आजच्या बाईंसाठी आणि एक जादा. पट्टी ठेवणारा स्वतःचा हात तिला स्पष्ट दिसला, अंगठा आणि तर्जनी, पिवळसर कागद, खाली चकचकीत कानस. पण हा आजचा हात कशावरून? कालचाही असाच होता. सोळा वर्षांचे सगळे हात एकासारखे एक, एकाच पांढऱ्या बाहीतून निघालेले. तिनं पुन्हा आठवून बघितलं, आणि दरवेळी चित्र थोडं पुसट झालं, रुमालानं चष्मा पुसावा आणि रुमालच तेलकट असावा तसं. तिसऱ्या वेळी हात दिसला, कानस दिसली, पट्टी दिसेना. "बघ हं," आतली बाई म्हणाली, "मी म्हटलं नव्हतं?" आतल्या बाईचं एक होतं, ती कधी शिवीगाळ करत नसे. ती मायेनं बोलायची. सगळ्या जगाचं भलं चिंतायची. वर कोण बाई टेबलावर असेल, तिला मुलं असतील, खुब्यात पू होईल, सहा महिने अंथरुणात काढील, आणि ते सगळं एका कागदाच्या चिठोऱ्यासाठी. तुला फक्त एक फोन करायचाय. असं कोणी बोललं तर त्याला वाईट कसं म्हणायचं?

"काय गं तपासनीस, चेहरा असा का उतरला?" इंजिनमामा आले. वाफेचं यंत्र मामा चालवायचे आणि छातीत दमा होता, त्यामुळं यंत्र बंद असलं तरी खोलीत इंजिन चालू असायचं. वयानं ते सगळ्यांचे मामाच होते.

"मामा, सकाळी मी खुब्याचे सेट बांधले तेव्हा तुम्ही इथं होता ना?"

"होतो की."

"पट्टी टाकताना बघितलं का मला? दोन्हीत?"

मामांनी चष्मा कपाळावर चढवला. "हे बघ पोरी. बघितलं म्हणालो तर तू म्हणशील, नीट आठवा. नाही म्हणालो तर फोनकडं धावशील. मी आपला वाफ बघतो. वाफ बरी होती आज."

तिला राग आला आणि हसूही आलं. मामा फुसफुसत यंत्राकडं गेले. ती मात्र उठून मागच्या खोलीत गेली, जिथं तयार सेट जाळीच्या फळ्यांवर ठेवलेले असतात. दुसऱ्या फळीवर खुब्याचा दुसरा सेट होता. तीच निळी घडी, त्याच काळ्या रेघा, तीच सही. आतल्या बाईला एकदम युक्ती सुचली. फोन नको, वर गेलेल्या सेटचं नावही नको; हा उघड. पट्ट्या दोन काढल्या होत्यास ना? यात एक निघाली तर दुसरी तिकडं असणारच. यात चुकून दोन निघाल्या तर तिकडं नाही. म्हणजे हा उघडून तो कळतो. गणित इतकं साधं होतं की तिला स्वतःचं कौतुक वाटलं. कोणी बघत नव्हतं. उघडून पुन्हा बांधून यंत्रात सारायचा, मामा कोणाला सांगणारे नव्हते. तिचा हात घडीच्या टोकाशी गेला. कापड अजून कोमट होतं.

कोमट कापडानं तिला अंथरूण आठवलं. ती नऊ वर्षांची असेल. वडील चर्चची देखभाल करायचे, म्हणजे झाडायचे, बाकं पुसायचे, रविवारी घंटा वाजवायचे आणि चर्चच्याच मागच्या दोन खोल्यांत सगळे राहायचे. झोपायच्या आधी ती गुडघे टेकून प्रार्थना म्हणायची आणि ती कधी संपायचीच नाही. आईचं नाव घेताना मनात भलताच विचार आला की पहिल्यापासून. एखादा शब्द बोबडा गेला की पहिल्यापासून. आमेन म्हणताना मन खिडकीकडं गेलं की ते आमेन खोटं, पुन्हा पहिल्यापासून. नीट झाली नाही तर रात्रीतून आई मरेल असं तिला पक्कं माहीत होतं. कोणी सांगितलं नव्हतं, तरी माहीत होतं. एकदा वडिलांना जाग आली. ते येऊन अंथरुणावर बसले. तिच्या गुडघ्यांवर चटईचे वळ उठले होते. त्यांनी विचारलं, कितव्यांदा म्हणतेस? ती म्हणाली, मोजलं नाही. वडील शिकलेले नव्हते, त्यांना उपदेश करता यायचा नाही. ते तिचे गुडघे चोळत म्हणाले, "तो काय शाळेतला मास्तर आहे का, खोडून पुन्हा लिहायला लावायला? पहिल्यांदा म्हणालीस तेव्हाच ऐकलं त्यानं. आता तू त्याला झोपू देत नाहीयेस." ती हसली होती. त्या रात्री तिला झोप लागली होती. आणि पुढं तीस-पस्तीस वर्षं वडिलांचं हे बोलणं तिनं एक गमतीची आठवण म्हणून सांभाळलं, वापरलं मात्र कधी नाही.

नंतर देवाबद्दल शिकलेली माणसं खूप भेटली. गेल्याच आठवड्यात चर्चच्या महिला मंडळात अध्यक्षबाई बोलत होत्या. विषय होता चिंता. अध्यक्षबाईंचा आवाज गोड आणि साडी कडक. त्या म्हणाल्या, "चिंता म्हणजे अविश्वास. ज्याचा प्रभूवर खरा विश्वास आहे त्याला चिंता शिवत नाही, आणि त्याला डॉक्टरच्या गोळ्याही लागत नाहीत." बोलताना त्यांनी हिच्याकडं बघितलं नाही, म्हणजे नेमकं हिलाच म्हणत होत्या, गोळ्यांची गोष्ट नणंदेमार्फत तिथवर पोचली होती. सहा महिने ती असल्या बोलण्यानं मान खाली घालत आली होती. काळजीची काळजी, त्यावर अविश्वासाची काळजी, असे मजल्यावर मजले चढले होते. त्या दिवशी काय झालं कोण जाणे, ती उभी राहिली. ती म्हणाली, "मग वधस्तंभाच्या आदल्या रात्री त्या बागेत, शिपाई धरायला यायच्या आधी, गुडघ्यांवर बसून घामानं निथळत होता तो कोण? प्रभूच ना? हे टळू दे, म्हणून तीन-तीनदा तेच मागत होता. त्याचा पण विश्वास कमी पडला का, बाई?" कोणीतरी खोकलं. ती बसली नाही. "मला काळजी वाटते आणि मी गोळी घेते आणि मी विश्वास ठेवते. तिन्ही मीच करते." मग चहा झाला आणि कोणी तिच्याजवळ बसलं नाही, आणि बिस्किटाची बशीही तिच्यापर्यंत आली नाही. बाहेर चर्चच्या पाळकांनी तिला गाठलं. पाळक तरुण होते आणि भले होते. त्यांनी तिच्या कामाबद्दल विचारलं, आणि आतली पट्टी, बंद सेट, उघडलं की बाद, हे ऐकल्यावर त्यांचे डोळे चमकले. "अहो, हे तर प्रवचन आहे!" ते म्हणाले. "रविवारी घेऊ का मी?" ती म्हणाली, "नका घेऊ. माझं काम आहे ते, दृष्टांत नाही. मला त्यात रोज जायचं असतं." पाळक वरमले, आणि तिला घरी जाईपर्यंत वाईट वाटत राहिलं, पण थोडंसंच.

हात अजून घडीच्या टोकाशी होता. चिमटीत कापड होतं. ओढलं की सुटेल, इतकंच बाकी. तिनं प्रार्थना करायचं ठरवलं आणि नेहमीचे शब्द तोंडाशी आले, प्रभू, पट्टी असू दे. हे तिनं अकरा सेटांच्या आणि एकोणीस फोनांच्या वेळी मागितलं होतं, आणि अकराही वेळा पट्टी होती, आणि बाराव्या वेळी भीती पुन्हा दारात उभी होती. म्हणजे देव ऐकत नव्हता असं नाही. तो ऐकत होता, देत होता, आणि दिलेलं हिला पुरत नव्हतं. हे तिला तिथं, त्या जाळीच्या फळीपुढं, लख्ख दिसलं आणि संताप आला. देवाचा नाही. त्या आतल्या मायाळू बाईचा. सहा महिने ही बया माझ्या तोंडानं प्रार्थना करतेय, माझ्या हातानं सेट फाडतेय, त्या म्हाताऱ्याला उपाशी परत पाठवतेय आणि वर स्वतःला दयाळू म्हणवतेय! कोणी नेमलं हिला? जगावर पहारा करायला मला कोणी सांगितलं? ती मोठ्यानं बोलली. खोलीत कोणी नव्हतं, आणि असतं तरी ती बोललीच असती. "पट्टी आहे की नाही ते तुला माहीत आहे," ती देवाला म्हणाली. "मला माहीत नाही. आणि मी बघणार नाही. मला माहीत नसू दे. वर जी बाई आहे ती माझ्याआधी तुझी आहे. माझ्या हातून चूक झाली असेल तर झाली असेल, ती पकडायला वर सिस्टर उभी आहे, तू आहेस. मी एकटी नाहीये इथं. मी हा पहारा सोडला. ऐकलंस ना? मी एकदाच सांगणार." आणि तिनं आमेन म्हटलं. म्हणताना मन भलतीकडं गेलं, मामांच्या खोकल्याकडं. तिनं ते तसंच राहू दिलं.

मग तिनं कापडावरचा हात काढून घेतला. सोपं नव्हतं ते. बोटं एकेक करून सोडवावी लागली. ती उलट्या पावली दोन पावलं मागं आली, लोखंडी स्टुलावर बसली आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. "बघ हं," आतली बाई ओरडली, आता तिचा आवाज तितका मायाळू राहिला नव्हता, "मारशील! खून करशील!" कर आरडाओरडा, तिनं मनात म्हटलं, मी बसलेय. शांती म्हणजे तिच्या कल्पनेत काहीतरी मऊ असायचं, चर्चच्या भिंतीवरच्या चित्रात असतं तसं, पांढरं, पाण्याकाठचं. ही जी आली ती अगदी वेगळी होती. ही हट्टी होती. बाजारात फतकल मारून बसलेल्या पोरासारखी, ओढलं तरी न उठणारी. भीती तशीच होती, आवाज तसाच होता, पण त्याच्या खाली काहीतरी घट्ट लागलं होतं आणि त्यावर तिचं सगळं वजन विसावलं होतं. आणि ते आपण आणलेलं नाही, हे तिला ठामपणे कळत होतं; आपल्यात इतका दम कधीच नव्हता. ती वीसेक मिनिटं तशी बसून होती. हाताला मुंग्या आल्या. एकदा डोळ्यांत पाणी आलं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता, म्हणून वाहू दिलं.

सव्वाअकराला फोन वाजला. वरून तिला क्वचितच फोन येत. फोन करायची ती. तिनं स्टूल मागं सारलं, बाहेर टेबलाशी आली आणि फोन उचलला.

"अगं, खुब्याच्या सेटमध्ये पट्टी नाहीये," थिएटरची सिस्टर म्हणाली. आवाजात घाई होती, दुसरं काही नव्हतं. "मी बाजूला काढलाय सगळा. दुसरा आहे ना तुमच्याकडं?"

तिला वाटलं आता जमीन सरकेल. ती वाट बघत राहिली. जमीन होती तिथंच होती. भिंतीवरचं घड्याळ, फोनची वळलेली वायर, टेबलावरचं भिंग, सगळं जागच्या जागी. "आहे," ती म्हणाली. "पाठवते."

ती मागच्या खोलीत गेली आणि खुब्याचा दुसरा सेट फळीवरून उचलला. न उघडलेला. वीस मिनिटांपूर्वी हा उघडला असता तर आता हातात काय असतं, हे एका क्षणात तिच्या सगळ्या अंगातून गेलं आणि तिनं ट्रे छातीशी धरला. "यातही नसेल तर?" आतली बाई म्हणाली. शक्य होतं. अगदी शक्य होतं. "नसेल तर सिस्टर हाही बाजूला ठेवील," तिनं उत्तर दिलं, ट्रे लिफ्टमध्ये ठेवला, दार लावलं, बटण दाबलं आणि बोट काढून घेतलं. मग रुमालासाठी डगल्याच्या खिशात हात घातला तर बोटांना कागद लागला. पिवळसर, कोरा, बोटभर लांबीचा. आणि तेव्हा सकाळ सगळी आठवली. पट्टी तिनं ठेवली होती. ठेवली होती, कापडाची पहिली घडीही घातली होती, आणि मग ही पट्टी आधीच वापरलेली तर नाही ना अशी शंका आली म्हणून बाहेर काढून उजेडात धरली होती. तेवढ्यात धुण्याच्या खोलीतून कोणीतरी हाक मारली. पट्टी खिशात गेली. म्हणजे आतली बाई खरं बोलत होती, आणि ते खरं केलंही होतं तिनंच. कागदाकडं बघता बघता तिला इतकं हसू आलं की मामा यंत्र सोडून आले.

"वर ऑपरेशनला उशीर होतोय म्हणे," मामा म्हणाले. त्यांना पेशंटांच्या लिफ्टवाल्याकडून कळलं होतं. "पंधरा मिनिटं तरी. काय झालं?"

"चूक झाली मामा. माझ्याकडून."

"मग हसतेस कशाला?"

"साधी झाली हो," ती म्हणाली. "तुमच्यासारखी. माणसांसारखी." मामांना काही कळलं नाही, पण तिच्या हातातली पट्टी बघून त्यांनी मान हलवली आणि आपले फुसफुसत परत गेले.

बाराच्या सुमारास मेट्रन खाली आल्या. काखेत चुकांची वही होती. विभागात काही चुकलं की तारीख, काय झालं आणि का झालं, असे तीन रकाने भरायचे असतात. त्या उभ्याच राहिल्या. "तुला माहीत होतं?"

"शंका आली होती. साडेदहाला, लिफ्ट वर जाताना."

"आणि फोन केला नाहीस?"

"नाही. उघडलाही नाही."

मेट्रन खुर्चीवर बसल्या. "एकोणीस वेळा उगाच केलास," त्या म्हणाल्या, "आणि खरी गरज होती तेव्हा नाही. मी काय समजू आता? खरी शंका आणि खोटी शंका तुला ओळखता येत नसेल तर तू इथं कशी राहणार?"

"नाही ओळखता येत," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच नवा वाटला. "दोघी एकाच आवाजात बोलतात. तुम्हाला तरी ओळखता येतं का? म्हणून तर पट्टी आहे, वर सिस्टर आहे, दुसरा सेट आहे. मी तो दुसरा उघडायला गेले होते, मेट्रन. हात लावला होता. उघडला असता तर ती बाई आज तशीच परत गेली असती, त्या म्हाताऱ्यासारखी. मी प्रार्थना केली आणि हात काढला. तुम्हाला हसू येईल, पण झालं ते असं झालं."

मेट्रनना हसू आलं नाही. "मला त्यातलं काही कळत नाही," त्या म्हणाल्या. "मी लाँड्रीत बोलून ठेवलंय. सोमवारपासून."

"मी जाणार नाही."

"काय?"

"सेट उघडला तर, फोन केला तर, असं म्हणाला होता तुम्ही. मी दोन्हीपैकी काहीच केलं नाही. चूक केली, ती लिहा, जी शिक्षा असेल ती द्या. सगळ्यांना देता तशीच. दया नको. दयेनं मी कुठंच जाणार नाही."

खोलीत यंत्राची वाफ सुटल्याचा आवाज आला आणि थांबला. मेट्रननी वही उघडली, तारीख घातली, काय झालं ते लिहिलं. तिसऱ्या रकान्यावर पेन थांबलं. "कारण काय लिहू? घाई?"

"घाई नव्हती."

"दुर्लक्ष लिहिते मग."

"दुर्लक्ष तर मुळीच नाही. जास्त तपासलं, असं लिहा."

"असं कारण नसतं," मेट्रन म्हणाल्या. "अठ्ठावीस वर्षांत मी असं कारण लिहिलेलं नाही."

तिनं हात पुढं करून वही आपल्याकडं ओढली, पेन मागून घेतलं आणि तिसऱ्या रकान्यात स्वच्छ अक्षरात लिहिलं, पट्टी ठेवली होती, भीतीपोटी बाहेर काढली. खाली सही केली. मग वही वळवून मेट्रनपुढं सरकवली. मेट्रननी वाचलं. खिशातून दुसरं पेन काढून त्यांनी सहीखाली सही केली आणि उठल्या. दारापाशी थांबून म्हणाल्या, "लाँड्रीवाल्यांना मी कळवते." काय कळवणार ते त्यांनी सांगितलं नाही आणि तिनं विचारलं नाही.

वरचं ऑपरेशन अजून चालू होतं. दोन तरी तास चालणार होतं, आणि त्या बाईंच्या खुब्याचं पुढं काय होईल ते आज कळणारच नव्हतं, कदाचित कधीच नाही. तिनं हात धुतले, डबा उघडला आणि मामांना हाक मारली. उकडलेल्या अंड्याचं कवच सोलता सोलता तिच्या लक्षात आलं की तिला सपाटून भूक लागली आहे.